वीज, गायरान आणि शहर : काही रूढ समजुती

जालन्याहून भोकरदनकडे जाताना लागणारे राजूर हे साडेतीन गणेशपीठांपैकी एक म्हणून सर्वश्रुत आहे, आणि अंगारकी चतुर्थीला तेथे लोटणाऱ्या जनसमुदायामुळे शहर व गाव यांतील अंतर निदान एका दिवसापुरते तरी नाहीसे होते. उरलेल्या दिवसांत मात्र या दोहोंचा अखंड व्यवहार विजेच्या तारेवरून चालतो. कोळशाकडून सूर्याकडे वळण्याच्या सध्याच्या काळात हा व्यवहार नव्याने मांडला जात असल्यामुळे त्याविषयीच्या समजुतींनाही, दोन्ही बाजूंनी, उदंड पीक आले आहे.

शहर गावाला फुकट वीज देऊन पोसते, ही त्यांतली सर्वांत चिवट समजूत. तीत सत्याचा अंश नाही असे नव्हे. कारखानदार आणि व्यापारी यांच्याकडून पुरवठ्याच्या खर्चाहून अधिक दर घेऊन शेतीचा दर उतरवण्याची रीत जुनी आहे. शिवाय एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली माफ झाले असून, सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी वर्षाला १४,७६० कोटी रुपयांचा बोजा सरकारी तिजोरीने पत्करल्याचे जाहीर झाले. परंतु जमाखर्चाची वही उघडली की दोन्ही पाने वाचावी लागतात. ज्यांना मीटरच नाही अशा पंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली, म्हणजे शेतीच्या नावे लिहिलेल्या युनिटांचा बराचसा आकडा अंदाजाचा आहे. आणि ही वीज वर्षानुवर्षे आलटून पालटून कधी दिवसा, तर कधी ऐन मध्यरात्री मिळत आल्यामुळे कपाशीला किंवा मोसंबीला पाणी द्यायला निघालेल्या माणसाने हातात विजेरी आणि मनात सापाचे भय घेऊन दारे धरली, याची नोंद कोणत्याही बिलात होत नाही.

दुसऱ्या पानावर तर याहून मोठ्या रकमा आहेत. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळवून सळया करणारा उद्योग विजेवाचून एक घटकाही चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या उद्योगांना पुरणारी ही वीज चंद्रपूर, कोराडी, परळी अशा ठिकाणी तेथील राख आणि धूर तेथेच ठेवून निर्माण होते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, तेव्हा मराठवाड्याला आपल्या दुर्मीळ पाण्याचा वाटा विजेच्या रूपाने किती दूर जातो याचा प्रत्यय आला. फार मागे कशाला, शतकापूर्वी मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून मुळशी पेट्याच्या खोऱ्यात धरण बांधले जाऊ लागले, आणि १९२१ मध्ये मावळ्यांनी पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. धरण झालेच, बापटांना सेनापती ही पदवी लाभली, आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. पोसणारा कोण, हा प्रश्न इतका सरळ नाही.

याच्या उलट समजूत गावात ऐकू येते : सौर प्रकल्पाची वीज शेवटी शहरालाच जाणार. मोठ्या सौर उद्यानांविषयी ही शंका रास्त आहे, पण २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये वाढवलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची रचना निराळी आहे. तीत जवळच्या उपकेंद्राला जोडलेला लहान प्रकल्प त्या उपकेंद्रावरून निघणाऱ्या शेतीच्या फीडरला दिवसा वीज पुरवतो. लांबच्या वहनातली गळती टळते आणि रात्रीची पाळी संपण्याची शक्यता निर्माण होते. पुण्याच्या प्रयास संस्थेने ही कल्पना सातत्याने मांडली होती. सौर पट्ट्यांमुळे जमीन नापीक होते, किंवा पवनचक्क्यांमुळे पाऊस पळतो, या समजुतींना मात्र फारसा वेळ देण्याचे कारण नाही : पट्टी सूर्यप्रकाश घेते, मातीतील सत्त्व घेत नाही, आणि पर्जन्यमेघांचा व्याप पवनचक्कीच्या पात्यांहून कितीतरी पटींनी उंच असतो.

अधिक गंभीर समजूत आहे ती जमिनीविषयी, आणि ती सुशिक्षितांत अधिक आढळते : गायरान म्हणजे कोणाच्या उपयोगाची नसलेली पडीक जमीन. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचे नाव असले तरी तिच्यावर मेंढरे चरतात, सरपण गोळा होते, आणि मराठवाड्यात अनेक भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तीच कसत आली आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह याच प्रश्नावर झाला. आता हीच जमीन सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठी दिली जाते. त्या योजनेत खाजगी जमीन देणाऱ्या खातेदाराला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे, तर सरकारी जमिनीचे भाडे नाममात्र. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख मिळतात, करार मात्र पंचवीस वर्षांचा असतो. चौथ्या वर्षापासून मेंढपाळाच्या वाट्याला काय, याचे उत्तर त्या दस्तऐवजात शोधून सापडत नाही, आणि ते तेथे लिहून घेण्याचा आग्रह ग्रामसभेने धरण्यात विकासाला विरोध आहे असे मला मुळीच वाटत नाही.

सूर्य फुकट, म्हणून पाणीही फुकट, ही आणखी एक भाबडी समजूत. दख्खनच्या काळ्या बेसाल्टात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि तो साठा अल्प असतो. फीडरची वीज ठरलेल्या तासांनी थांबते, परंतु स्वतंत्र सौरपंप उन्हाबरोबर दिवसभर चालू शकतो. पंप बदलला तरी विहिरीचा तळ पूर्वीच्याच जागी आहे.

राहता राहिला सूर्यास्तानंतरचा प्रश्न. रात्रीच्या भट्ट्या आणि दिवे अजून मुख्यतः कोळशावरच चालतात. दिवसाची जादा वीज साठवून ठेवण्याचा एक मार्ग म्हणजे तिच्या बळावर पाणी उंचावरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडणे. हा उपाय महाराष्ट्राला अपरिचित नाही : अकोले तालुक्यात, जेथे राजूर नावाचे दुसरे एक गाव आहे, घाटघर येथे २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालू आहे. टाटांनी भिवपुरी आणि शिरवता येथे मिळून २,८०० मेगावॅटच्या अशाच प्रकल्पांसाठी २०२३ मध्ये शासनाशी सामंजस्य करार केला. म्हणजे भोकरदन तालुक्यातील दुपारचे ऊन सायंकाळी शहराच्या उपयोगी पडावयाचे झाल्यास त्याला सह्याद्रीतल्या कुठल्यातरी खोऱ्याचा आश्रय घ्यावा लागेल, आणि त्या खोऱ्यातील रहिवाशांनाही भाडे, मुदत आणि पाणी यांविषयी तेच प्रश्न विचारावे लागतील.