भूदासाचा नातू आणि चेरीची बाग

रशियन नाटककार अंतोन चेकॉव्ह म्हटला की आपल्याकडच्या नाट्यवर्तुळात एक ठरीव चित्र उभे राहते. पडझड झालेले सरंजामी वाडे, उसासे टाकणाऱ्या बायका, मंद दिवे आणि हातून निसटलेल्या वैभवाची हुरहुर. जणू हा लेखक जमीनदारांच्या दुःखाचा भाटच होता! हे चित्र ज्यांनी रंगवले त्यांनी चेकॉव्हची नाटके पाहिली, पण तो कोणाच्या पोटी जन्माला आला हे पाहिले नाही. चेकॉव्ह हा भूदासाचा नातू होता.

रशियातला भूदास म्हणजे जमिनीसोबत विकला जाणारा माणूस. त्याने लग्न कोणाशी करायचे, गाव सोडायचे की नाही, हे मालक ठरवी. चेकॉव्हच्या आजोबांनी, येगोर यांनी, पै पै साठवून १८४१ मध्ये ३,५०० रूबल मोजले आणि आपल्या कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. चेकॉव्हचे वडील पावेल तेव्हा सोळा वर्षांचे होते. कायद्याच्या भाषेत हा एक साधा खरेदी-व्यवहार. पण सोळा वर्षे दुसऱ्याची मालमत्ता म्हणून वाढलेल्या मुलाच्या मनातला मालक पावतीने जातो काय? पावेल यांनी अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग गावात किराणा दुकान टाकले. ते देवभक्त होते आणि मुलांना निर्दयपणे मारत. १८७६ मध्ये दिवाळे निघाले तेव्हा ते मॉस्कोला पळाले. घर गेले ते घरातच राहणाऱ्या एका भाडेकरूच्या घशात. १८६० साली जन्मलेला अंतोन मागे एकटा राहिला, शिकवण्या करून शिकला, वर घरी पैसेही पाठवले. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला. वैद्यकीचा अभ्यास करताना विनोदी मासिकांतून टोपणनावाने लिहून त्याने सारे कुटुंब पोसले.

जानेवारी १८८९ मध्ये त्याने प्रकाशक सुव्होरीनला एक पत्र लिहिले. त्यात तो एक कथा सुचवतो. भूदासाच्या पोटी जन्मलेला, मार खाल्लेला, वरिष्ठांपुढे वाकायला शिकलेला एक तरुण आपल्या अंगातला गुलाम थेंब थेंब पिळून बाहेर काढतो आणि एका सकाळी त्याला कळते की आता आपल्या नसांतून माणसाचे रक्त वाहते आहे. ही कथा कोणाची आहे हे सांगायला साक्षीदार लागत नाही. आणि ही प्रक्रिया केवळ रशियातच घडते असे आमच्या वाचकांना वाटणार नाही.

पण वकील म्हणून मला चेकॉव्ह सर्वात मोठा दिसतो तो साखालिन बेटावर. १८९० मध्ये, क्षयाची लक्षणे अंगावर असताना, हा नावारूपाला आलेला लेखक सायबेरिया ओलांडून झारच्या काळ्या पाण्यावर स्वतःहून गेला. तेथे तीन महिने राहिला. छापील कार्डे घेऊन दारोदार फिरला आणि सुमारे दहा हजार कैदी व वसाहतवाल्यांची नोंद त्याने केली. नाव, वय, धर्म, जन्मगाव, लिहिता-वाचता येते काय, आजार कोणता. राजकीय कैद्यांशी बोलण्याची त्याला बंदी होती. हातगाडीला साखळीने जखडलेली माणसे त्याने पाहिली. शिक्षा भोगून झाल्यावरही बेट सोडता न येणारी माणसे पाहिली. एका कैद्याला नव्वद फटके मारताना तो हजर होता. फटक्यांपूर्वी डॉक्टर त्या कैद्याची छाती तपासतो, इतके फटके हा सोसेल काय हे ठरवण्यासाठी! डॉक्टर असलेल्या चेकॉव्हने हे तपशिलाने लिहिले आहे, आवाज न चढवता. आमच्या तुरुंगांविषयीच्या याचिका इतक्या कोरड्या आणि इतक्या जीवघेण्या असत्या तर!

हा वृत्तान्त १८९३ पासून मासिकातून आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याच १८९३ मध्ये हद्दपार स्त्रियांना फटके मारण्याची शिक्षा बंद झाली. श्रेय एकट्या चेकॉव्हला देणे पुराव्याला धरून होणार नाही, पण साखालिनचा प्रश्न रशियाच्या डोळ्यांसमोर आला तो मुख्यतः त्याच्यामुळे.

त्याला कोणताही पक्ष नव्हता आणि याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. पक्ष नसलेल्या या माणसाने मेलिखोवो येथे शेतकऱ्यांना फुकट औषधे दिली, कॉलऱ्याच्या साथीत पंचवीस खेडी सांभाळली, तीन शाळा बांधल्या. ड्रेफस प्रकरणात ज्यूद्वेष्ट्या वृत्तपत्राच्या बाजूने न जाता तो झोलाच्या बाजूने उभा राहिला. ते वृत्तपत्र सुव्होरीनचेच होते, त्यामुळे जुन्या मैत्रीला तडा गेला. १९०२ मध्ये गोर्कीची अकादमीवरील निवड रद्द झाली तेव्हा त्याने स्वतःचे सदस्यत्व परत केले.

आता त्याच्या शेवटच्या नाटकाकडे, ‘द चेरी ऑर्चर्ड’कडे येऊ. ते जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगभूमीवर आणले. कर्जात बुडालेल्या जमीनदारीणबाईंची बाग लिलावात निघते आणि ती विकत घेतो लोपाखिन. त्याचा बाप आणि आजा याच इस्टेटीवर भूदास होते, त्यांना स्वयंपाकघरातही प्रवेश नव्हता. दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीला यात शोकांतिका दिसली. चेकॉव्ह मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला की ही विनोदी नाटिका आहे. तेव्हापासून प्रेक्षक बागेसाठी रडत आले आहेत. त्या बागेत कोणी राबायचे, हे त्यांतल्या कितीजणांनी विचारले?

लोपाखिनला चेकॉव्हने खलनायक केलेले नाही. त्याला नुसता गावंढळ आवाज करणारा व्यापारी दाखवू नका, तो सभ्य माणूस आहे, असे त्याने कळवले होते. पण त्याला नायकाचा हारही घातलेला नाही. बाग हाती येताच तो झाडांवर कुऱ्हाड चालवतो, भाड्याने देण्याच्या बंगल्यांसाठी. पैशाने मालक झालेला माणूस मालकासारखाच वागू लागतो, हे येगोरचा नातू जाणून होता.

नाटकात फिर्स नावाचा म्हातारा नोकर आहे. १८६१ च्या भूदासमुक्तीचा उल्लेख तो ‘अरिष्ट’ म्हणून करतो. मुक्ती मिळाली तेव्हा त्याने ती नाकारली, मालकांकडेच राहिला. शेवटी सारे निघून जातात, घराला कुलूप लागते आणि फिर्स आत विसरला जातो. बाहेर कुऱ्हाडीचे घाव ऐकू येतात.

फिर्सच्या वेडेपणाला हसण्यापूर्वी ती मुक्ती कशी होती हेही पाहावे. घरकामाच्या नोकरांना जमिनीचा तुकडाही मिळाला नाही. शेतकऱ्यांना जी जमीन मिळाली तिची भरपाई सरकारने जमीनदारांना दिली आणि ती शेतकऱ्यांकडून एकोणपन्नास वर्षांच्या हप्त्यांनी वसूल करायचे ठरवले. चेकॉव्ह क्षयाने वारला जुलै १९०४ मध्ये, जर्मनीतील बाडेनवायलर येथे, चव्वेचाळिसाव्या वर्षी. ते हप्ते माफ झाले १९०७ मध्ये.