लाटेवर उभं राहायचंय? आधी समुद्र ओळखूया

दिवाळी झाली की बचत गटांत सहलीची बोलणी सुरू होतात. आता घरातल्या मुली एक नवीन मागणी करतात: सर्फिंग शिकायचंय. म्हणजे लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत यायचं. हे फक्त मुलग्यांचं काम नाही. मुंबईची इशिता मालवीय 2007 पासून लाटांवर आहे आणि भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून तिची ओळख आहे. तिने कर्नाटकात उडुपीजवळ कोडी बेंगरे इथे इतरांनाही शिकवलं. त्याच किनाऱ्यावर मुल्की हे गाव सर्फिंगसाठी प्रसिद्ध आहे. नारळाची झाडं, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र. कोकण रेल्वेने तिथे जाता येतं. मुल्कीला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून उडुपी किंवा मंगळूरचं तिकीटही बघून ठेवावं.

पण गाडी आणि मुक्काम ठरला म्हणजे सहल ठरली असं नाही. समुद्राचं वेळापत्रक आधी बघायचं.

पहिलं, महिना. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी समुद्र शांत होतो, असंही नाही. नवशिक्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. तेव्हा लाटा लहान असतात आणि ऊनही सोसतं.

दुसरं, तिथी. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती सुमारे पाऊण तास पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे कमी चढउतार. मुंबई-कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. हा फक्त अंदाज आहे. दक्षिणेकडे वेळ बदलते, म्हणून तिथल्या कोळी बांधवांना विचारायचं. मुल्की आणि कोडी बेंगरे ही दोन्ही ठिकाणं नदीच्या मुखाशी आहेत. ओहोटीला नदीचं पाणी जोरात बाहेर धावतं, तेव्हा मुखाजवळ उतरायचं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं: पाण्याची ओढ. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जातं. तो पट्टा ओळखायचा कसा? दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतात, मधे मात्र पाणी शांत, गडद दिसतं. फेस किंवा गढूळ वाळू आत जाताना दिसते. आपल्याला वाटतं, इथे लाट नाही, पोरांना इथेच खेळवू. धोका नेमका तिथे असतो. तरबेज सर्फर याच ओढीवर फळी टाकून आत जातात, पण त्यांच्याकडे तरंगणारी फळी असते आणि पोहण्याचा सराव असतो.

ओढीत सापडलं तर काय करायचं? ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. सरळ किनाऱ्याकडे पोहत राहिलं तर दम संपतो आणि माणूस बुडतो. म्हणून अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचं आणि मग लाटांबरोबर परत यायचं. किनाऱ्यावरच्या बाईने मागे उडी मारू नये. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोरी बांधून फेकावा, जीवरक्षकाला बोलवावं, 112 ला फोन करावा.

शिकवणाऱ्यांना पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारूया. एका शिक्षकामागे किती मुली? जीवरक्षक जाकीट देता का? प्रथमोपचार आणि वाहनाची सोय आहे का? समुद्र खराब असेल तर पैसे परत मिळतील का? चांगला शिक्षक आधी वाळूवर झोपून उठण्याचा सराव घेतो, मऊ फोमची लांब फळी देतो, तिची दोरी पायाला बांधतो आणि कमरेएवढ्या पाण्यातच ठेवतो. पोहता येत नसेल तर ते आधीच सांगायचं. त्यात लाज कसली!

कपड्यांचंही बोलूया. भिजलेली साडी जड होते आणि पायात गुंतते. लेगिंग आणि अंगाबरोबरचा लांब बाह्यांचा टीशर्ट बरा. कोणाला पाण्यात जायचं नसेल तर आग्रह नको. काठावर दोघींनी पाळीपाळीने पहारा द्यायचा: मोबाईल पर्समध्ये, नजर पाण्यावर.

पुढच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब काढाल, तेव्हा कालनिर्णय शेजारी ठेवा. आधी महिना आणि तिथी, मग तिकीट. आणि वहीत आणखी एक ओळ लिहा: पहारा कोणाचा, किती वाजता. मुलींना लाटेवर उभं राहू द्या, आपण काठावर जाग्या राहूया.