यकृत नवे, पण मूत्रपिंडे जुनीच!

मैत्रिणींनो, घरातल्या माणसाचं यकृत बदललं, तो हिंडूफिरू लागला, की आपण देवापुढे साखर ठेवतो आणि म्हणतो, ‘सुटलो बाई एकदाचे!’ आमच्या जाऊबाईंनीही तेच म्हटलं होतं. भाऊजींच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली होती. मे महिन्यात, वर्ध्याच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, त्यांचे गुडघे दुखू लागले. जाऊबाईंनी दुकानातून दुखण्यावरची गोळी आणली आणि आठ दिवस दिली. पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन १.२ वरून २.१ वर गेलेलं! यकृत ठणठणीत, थकली होती ती मूत्रपिंडं.

असं का व्हावं? नवं यकृत शरीराला परकं वाटतं. शरीरानं ते झिडकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरीनसारखी औषधं बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागतात. तीच औषधं मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवतात. शिवाय रक्तदाब आणि रक्तातली साखरही वाढवू शकतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, यकृत बदललेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांची मूत्रपिंडं पाच वर्षांत बरीच निकामी झालेली आढळली.

मग औषध बंद करायचं? मुळीच नाही! नवं यकृतच गमावून बसाल. औषधाची मात्रा कमी करणं, जोडीला दुसरं औषध देणं हे डॉक्टरांचं काम. आपलं काम घरातलं आहे.

गोळ्यांची वेळ चुकवू नका. औषधाची रक्तातली पातळी तपासायची असेल, त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर द्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या, काढे, भस्मं डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. त्यांनी औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. लोणचं-पापड चवीपुरतंच. उन्हाळ्यात पाणी किती द्यायचं ते विचारून ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. रक्तदाब घरी मोजून वहीत लिहा.

आणि क्रिएटिनिन व लघवीतली प्रथिनं ठरल्या वेळी तपासाच. मूत्रपिंडं लवकर तक्रार करीत नाहीत. पायावर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. या साध्या तपासण्यांसाठी दर वेळी नागपूर गाठायला नको. सेवाग्राम, सावंगीलाही त्या होतात.

भाऊजींचं क्रिएटिनिन आता १.५ वर उतरलं आहे. पूर्वीचं १.२ काही परत आलं नाही. जाऊबाईंनी गोळ्यांच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘विचारल्याशिवाय एकही गोळी नाही.’ तुमच्या घरी असा रुग्ण असेल, तर तेवढी चिठ्ठी आजच लिहा!