रक्त कमी झाले म्हणून टॉनिक? जरा थांबा

पावसाळ्यात ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाच्याही प्लेटलेट कमी आल्या की घरचे म्हणतात, डेंग्यू! बऱ्याचदा ते खरेही असते. पण समजा, घरातल्या काकूंचे तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले आहे. ताप नाही, मात्र डोंबिवली स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, रात्री कंबर ठणकते, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते. हिमोग्लोबिन ८. अशा वेळी बीट-खजूर आणि लोहाच्या गोळ्या सुरू करून स्वस्थ बसणे बरे नव्हे.

आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजेच अस्थिमज्जेत तयार होते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम ८ ते १० दिवस. त्यामुळे हा कारखाना रोज चालू राहावा लागतो. स्तन, प्रोस्टेट किंवा फुफ्फुसाचा कर्करोग कधीकधी या मगजात पसरून जागा बळकावतो. मग हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरतात. शिवाय अर्धवट तयार झालेल्या पेशी मुदतीआधीच रक्तात ढकलल्या जातात. मोठ्या माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशीत एरवी केंद्रक नसते. इथे केंद्रक असलेल्या पेशी दिसतात, काही तर अश्रूच्या थेंबाच्या आकाराच्या.

यंत्राने दिलेल्या आकड्यांवरून हे सारे उमगेलच असे नाही. त्यासाठी काचपट्टीवरचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावा लागतो. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची धुरा वाहिली ती डॉ. वसंत रामजी खानोलकर या सूक्ष्मदर्शकाच्या जाणकाराने. तेव्हा रक्त देताना पूर्वीच्या कर्करोगाची माहिती लॅबला जरूर सांगावी. आपल्याकडे ती लपवण्याचीच रीत फार!

अर्थात केमोथेरपीने किंवा बी-१२ कमी पडल्यानेही रक्त घटते. शंका राहिल्यास जागा बधिर करून कमरेच्या हाडातून मगजाचा नमुना घेतात; रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. निदान पक्के झाले तर रक्त व प्लेटलेट चढवणे हा तात्पुरता आधार. खरा उपचार मूळ कर्करोगावरचा. तो लागू पडला की रक्ताचे आकडे पुन्हा वर येऊ शकतात.

प्लेटलेट कमी असताना अंगदुखीवर ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ताप १००.४ अंशांवर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि परळची लोकल पकडताना ऑपरेशनची जुनी फाईल पिशवीत असू द्यावी.