पांढरीचें आकाशचित्र : चौपंखी यंत्र बांधण्यास आरंभ कसा करावा

तापी व गिरणा यांच्या कांठच्या प्राचीन वसाहतींपैकीं बहाळ येथील टेकाडाचें उत्खनन १९५२-५३ व १९५६-५७ सालीं, आणि प्रकाशें येथील १९५४-५५ सालीं, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें केलें. इतर टेकाडांच्या वांट्यास बहुधा शेतकऱ्याचें फावडेंच येतें. पांढरीची माती शेतास मानवते, म्हणून ती गाड्या भरभरून नेतात, आणि तिच्याबरोबर भिंत, चूल, खापर सर्वच जातें. तें जाण्यापूर्वीं वरून चित्र घेऊन ठेवणें आतां खेड्यांतील शिक्षकासही साधण्याजोगें आहे. त्यास लागणाऱ्या यंत्राची माहिती येथें देत आहों.

या यंत्रास ‘ड्रोन’ म्हणतात. त्यावरून द्रोणाचार्यांचें स्मरण करणारे विद्वान् आम्हांस भेटले आहेत. परंतु इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मधमाशांतील नर असा असून संस्कृत ‘द्रोण’ शब्दाशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं. यंत्राचे दोन पंखे उजवीकडे व दोन डावीकडे फिरतात, त्यामुळें तें स्वतःभोवतीं गरगरत नाहीं. फ्रान्समध्यें ब्रेगे यांनीं १९०७ सालीं असें चौपंखी यंत्र माणसासह जमिनीवरून उचललें होतें. पण तोल राखण्यासाठीं चौघांस तें धरून ठेवावें लागलें. आज त्या चौघांचें काम ‘उड्डाणनियंत्रक’ नांवाची लहानशी पट्टी करते. कलण्याची जाणीव होतांच ती प्रत्येक पंख्याची गति कमीजास्त करिते, आणि हें एका सेकंदांत शेंकडों वेळां घडतें.

नवशिके आधीं मोटरी विकत घेतात व मागाहून कॅमेरा कोठें बांधावा याचा विचार करितात. हा क्रम उलटा होय. आधीं कॅमेरा ठरवावा. समजा, कॅमेरा व त्याची झुलती बैठक मिळून ३०० ग्रॅम झालीं. सांगाडा, मोटरी, गतिनियंत्रक व बॅटरी धरून एकूण वजन दीड किलो भरलें. तर चारी मोटरींची मिळून कमाल उचल याच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येकीची निदान ७५० ग्रॅम, असावी. म्हणजे यंत्र निम्म्या जोरावर तरंगतें आणि उरलेला जोर वाऱ्याशीं झुंजण्यास राहतो. ४५० मिलिमीटर कर्णाचा सांगाडा व १० इंची पंखे या कामास पुरतात. लिथियम बॅटरीच्या प्रत्येक कोशाचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, तो ३.५ पर्यंत उतरण्याआधीं यंत्र खालीं आणावें. मोठी बॅटरी लावल्यानें वेळ वाढतो हें कांहीं मर्यादेपर्यंतच खरें, कारण तिचें वजन तिलाच वाहावें लागतें.

मोटरींची परीक्षा पंखे काढूनच करावी. फिरता पंखा बोट कापतो; याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. वैशाखांत खानदेशांत पारा ४५ अंशांकडे जातो. तापलेली हवा विरळ असल्यानें पंख्यांस आधार कमी मिळतो व बॅटरीही फुगते. यास्तव मार्गशीर्ष ते माघ हा काळ योग्य.

दीपनगरांत मात्र हें यंत्र उडविण्याचा मोह कोणीं धरूं नये. येथें औष्णिक वीजकेंद्र व त्याच्या उच्चदाबाच्या तारा आहेत, आणि वरणगांव व भुसावळ येथें आयुधनिर्माणी. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग पाडले आहेत. तांबड्यांत केंद्र सरकारच्या अनुज्ञेवांचून उड्डाण निषिद्ध. हिरव्यांत सामान्यतः ४०० फुटांपर्यंत मोकळीक. २५० ग्रॅमांहून अधिक व २ किलोंपर्यंतचें यंत्र ‘सूक्ष्म’ वर्गांत मोडतें. त्याची नोंदणी करून क्रमांक घ्यावा आणि गांवीं निघण्यापूर्वीं नकाशा पाहावा. संरक्षित स्मारकांची परवानगी वेगळी.

टेकाडावर चुन्याच्या चार खुणा मोजलेल्या अंतरांवर कराव्या, म्हणजे चित्रास प्रमाण मिळतें. ६० मीटरांवरून सामान्य कॅमेऱ्याच्या एका बिंदूंत सुमारें अडीच सेंटिमीटर जमीन येते. विटांची रांग दिसते, लहान खापर दिसत नाहीं. लागोपाठच्या चित्रांचा ८० टक्के भाग एकमेकांवर यावा. ऊन तिरपें असतांना बारीक उंचवट्यांची छाया पडते, म्हणून सकाळची वेळ धरावी. इंग्लंडांत क्रॉफर्ड यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विमानांतून दाखविलें कीं, पुरलेल्या भिंतीवरील पीक खुरटें राहतें व बुजलेल्या खंदकावरील हिरवें. दादर पोटरींत असतांना आपल्याकडील टेकाडांभोंवतींचीं शेतें या दृष्टीनें पाहण्यासारखीं आहेत. प्रत्येक चित्रासोबत तिथि, वेळ, उंची, उत्तर दिशा व शेताचा गट क्रमांक वहींत टिपावा.