कैरोतील ‘क़ाफ’

कैरोच्या कॉफीगृहात शिरून एखाद्या पाहुण्याने कोशातील शब्द वापरून ‘क़हवा’ मागितली, तर ती त्याला मिळेल. पण शेजारचे गिऱ्हाईक मागते ती ‘अहवा’.

‘क़ाफ’ हे अरबीतील मोठे भारदस्त व्यंजन. जिभेचे मूळ पडजिभेला भिडवून ते काढावे लागते. मराठी ‘क’ त्याच्या बराच पुढे उमटतो. कैरोकरांनी जिभेचा हा खटाटोपच सोडून दिला आहे. घशात श्वास क्षणभर अडवावयाचा आणि सोडावयाचा, एवढेच त्या व्यंजनाचे आता उरले आहे. या अटकावाला अरबीत ‘हम्झा’ म्हणतात. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. ते तेथे ‘अल्ब’ झाले. मराठीत ‘किल्ला’ होऊन आलेल्या शब्दानेही कैरोत आपले पहिले व्यंजन असेच गमावले आहे.

याला आळस म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. मूळच्या अरबीत हम्झा होताच, आणि बोलीने तो शब्दांच्या पोटातून बहुधा आधीच गाळला होता. डोक्याला ‘रअ्स’ म्हणत, त्याचे ‘रास’ झाले; विहिरीच्या ‘बिअ्र’चे ‘बीर’ झाले. क़ाफचा हम्झा त्यापूर्वीच झाला असता, तर तोही त्याच ओघात वाहून गेला असता. तो टिकला, त्या अर्थी जुना हम्झा गेल्यावरच नवा त्या रिकाम्या जागी बसला असला पाहिजे. शब्दारंभी मात्र जुना हम्झा टिकून होता, आणि तेथे घोटाळा झालाच: ‘क़लम’ म्हणजे लेखणी आणि ‘अलम’ म्हणजे वेदना, दोन्ही कानाला ‘अलम’च! शाळेत जाणाऱ्या मुलाला कोठे क़ाफ लिहावयाचा आणि कोठे हम्झा, हे कान सांगत नाही. पाठच करावे लागते.

तरीही क़ाफ शहरातून हद्दपार झालेला नाही. ‘क़ुरआन’ या शब्दात तो शाबूत आहे. आणि गंमत अशी, की ‘अल्-क़ाहिरा’ या शहराच्या नावातही कैरोकर तो नीट उच्चारतात.

दक्षिणेकडील सईद प्रांतात याच क़ाफचा ‘ग’ झाला आहे. तेथील माणूस हृदयाला ‘गल्ब’ म्हणतो. पोटासाठी तो कैरोला येतो, तेव्हा या ‘ग’वरून त्याचे गाव ओळखले जाते, आणि सईदी माणूस तर कैरोच्या विनोदांचा ठरलेला विषय. मग बाजारात तो हम्झा उच्चारू लागतो, आणि घरी आईशी बोलताना पुन्हा ‘ग’वर येतो.