टीसीएलचा डबा कुठे ठेवावा?

पैठणच्या जायकवाडीचे पाणी फारोळ्याला शुद्ध होऊन छत्रपती संभाजीनगर शहरात येते. पण दोन पाळ्यांत काही दिवसांचे अंतर पडले, की पुंडलिकनगरसारख्या वस्तीत ते हौदात साठवावेच लागते. मग घरात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, येते. विरलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून केलेली ही पूड ऊब, ऊन आणि ओल लागताच तो वायू सोडू लागते. डब्याला उग्र वास येतो म्हणजे पावडर कडक, असा सर्वत्र समज आहे. खरे तर तो वास निसटणाऱ्या क्लोरीनचा. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. नीट न ठेवल्यास तो घटत जातो, आणि जो पाण्याच्या कामी यायचा तो आपल्या श्वासात जातो.

‘जे पाण्यात टाकून पितो, ते घातक कसे?’ हा आक्षेप प्रमाण विसरतो. हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम पुरते, तेही बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरचे पाणी ओतून आणि निदान अर्धा तास थांबून. साठा मात्र किलोंचा असतो. त्यावर संडास धुण्याचे अॅसिड सांडले, तर क्लोरीन एकदम सुटतो. तो हवेच्या जवळपास अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. लोखंडी डबा गंजतो, तेव्हा प्लॅस्टिकचा, झाकणाचा घ्यावा. तो अॅसिड, रॉकेल, युरियापासून लांब, कोरड्या सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. न्हाणीघरातला कोनाडा सोयीचा खरा, पण सर्वांत वाईट.